खोट्या गवताचं अंगण

आमच्या घराण्यात सगळ्यांनी दुसऱ्याच्या अंगाखाली मऊ काहीतरी घालण्याचाच धंदा केला. आम्ही पिंजारी. आजोबा दारोदार फिरून कापूस पिंजायचे. वडिलांचं पेठेत गाद्यांचं दुकान होतं. मी हाताशी येईपर्यंत फोमच्या गाद्या आल्या, आणि कापसाच्या गादीवर झोपणारी माणसं एकेक करून संपत गेली. मग मी ऑफिसांतून कार्पेट बसवायला लागलो. ते काम आटलं तेव्हा प्लास्टिकचं गवत आलं. आता काही वर्षं मी तेच बसवतो. बंगल्यांची अंगणं, रो-हाऊसच्या मागच्या चिंचोळ्या पट्ट्या, उंच इमारतींच्या गच्च्या. बहुतेक घरांत कुत्रा असतो. कुत्रा माती उकरतो, चिखलाचे पाय घेऊन सोफ्यावर चढतो, आणि एक दिवस घरातलं कुणीतरी वैतागून मला फोन करतं.

हे काम गुडघ्यांवरचं आहे. जुनी माती काढायची, बारीक खडी आणि कच टाकून धुम्मस करायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायची, काळं कापड अंथरायचं, मग गवताचे गुंडाळे सोडायचे. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच बाजूला पाहिजे, नाहीतर जोड लांबूनही दिसतो. हे सगळं रांगत करायचं. संध्याकाळी स्कूटर स्टँडवर लावताना गुडघा असा काही कळ मारतो की क्षणभर हँडल धरून उभं राहावं लागतं. घरी गेलो की बायको दारातूनच विचारते, "अहो, लाळ लागली का आज?" लागलेली असतेच. गुडघ्यांवर बसलेला माणूस कुत्र्याच्या तोंडाच्या बरोबर उंचीला येतो. लाळ लागलेल्या अंगानं नमाज होत नाही, म्हणून मोरीत माझी वेगळी बादली आहे. कपडे तिच्यात टाकायचे, आंघोळ करायची, मग नमाज, मग जेवण. जेवताना बऱ्याचदा डोळे मिटतात. मुलगी म्हणते, "अब्बा, पुरे आता." मी हो म्हणतो आणि सकाळी जातो.

कोथरूडच्या एका बंगल्याच्या कामाचा पहिला फोन तिथल्या मुलीचा होता. ती बंगळूरला असते. "काका, आई पडली," ती म्हणाली. "कुत्रीनं केलेल्या खड्ड्यात पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता एकतर कुत्री जाईल, नाहीतर माती. तुम्ही जाऊन बघून या."

गेलो. दोन्ही बाजूंना सोसायट्या उभ्या राहिलेल्या, मध्ये तो बैठा बंगला. फाटकाशी एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ उभे होते. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, म्हणून मी त्यांना सर म्हणू लागलो.

"तुम्ही गवतवाले?"

"हो."

"या. गवत सोडून बाकी सगळं आहे इथं. बघून घ्या."

खरंच तसं होतं. अंगणभर खड्डे. काही उथळ, काहींत माणूस गुडघ्यापर्यंत जाईल असे. मधल्या एका खड्ड्यात तांबूस रंगाची, एक कान पडलेली गावठी कुत्री अंग मुडपून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हनुवटी मातीवर टेकवली.

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

"नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवायला शेजारी आहेत. आम्ही बाईसाहेब म्हणतो."

मग त्यांनी मला सगळा मामला समजावून सांगितला. "फरशी घालावी, हे मुलीचं मत. फरशीवर तिची आई पुन्हा घसरेल, हे माझं मत. बाईसाहेब कुठेही जाणार नाहीत, हे आमच्या हिचं मत. हिचं मत म्हणजे निकाल. त्यामुळे तुम्ही."

खिडकीच्या आत वॉकर समोर ठेवून काकू बसल्या होत्या. गोल चेहरा, आजारपणानं उतरलेला, पण डोळे हसरे. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, याच्याखाली माती मरते का हो?"

असं विचारल्यावर काय सांगायचं असतं ते मला पाठ आहे. पाणी खाली जातं, हवा जाते, काळजी करू नका. पण त्या दिवशी तेवढं बोलायचाही कंटाळा आला होता. मी म्हटलं, "काकू, वर काही उगवणार नाही. खाली गांडुळं वगैरे राहतात का, ते मला खरंच माहीत नाही."

"आणि हिनं कुठं खणायचं?"

"खणता येऊ नये, म्हणूनच तर बसवायचं ना."

त्यांनी कुत्रीकडे पाहिलं. "माझ्या एका हाडापायी तिचा धंदा बसला म्हणायचा."

काम सुरू झालं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. माझ्याबरोबर माझा जोडीदार असतो, यवतमाळकडचा. माझ्याच वयाचा, पाठ माझ्यापेक्षा बरी, बोलणं कमी. मोगरा, गुलाब, अनंत आम्ही मुळांसकट काढून कुंड्यांत लावले. कढीपत्त्याच्या झाडाभोवती गोल जागा सोडली, कारण काकूंनी तसं बजावलं होतं. खड्डे भरण्याआधी साफ करताना त्यांतून घरातल्या हरवलेल्या वस्तू निघायला लागल्या. एक पायमोजा, लाटण्याचा तुकडा, सरांच्या चष्म्याचं घर, आणि काकूंची एक निळी चप्पल. ती चप्पल मी खिडकीशी धरली तेव्हा काकू ऑपरेशनच्या बाजूला हात दाबून धरत हसल्या.

"अहो, बघा!" त्या आत ओरडल्या. "कामवालीवर किती दिवस संशय घेतला तुम्ही!"

"मी संशय घेतला नव्हता," आतून सर म्हणाले. "मी फक्त शक्यता वर्तवली होती."

कुत्री कढीपत्त्याच्या सावलीत बसून सगळं पाहत होती. भुंकली नाही, आडवी आली नाही. शेवटचा खड्डा आम्ही धुम्मस करून बसवला तेव्हा ती उठली, त्या जागेवर आली, वास घेतला, आणि मागच्या दाराशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली.

जोडीदार म्हणाला, "भाऊ, मले तं हिचं पाहून कसंतरीच होऊन राह्यलं."

मलाही होत होतं. पण गुंडाळे उन्हात पडले होते आणि अंधारायच्या आत जोड चिकटवायचे होते. आम्ही रांगायला लागलो.

गवत चांगलं बसलं. हिरवंगार, सपाट. थोड्याच दिवसांत सरांचा फोन आला.

"तुमच्या गवतावर आमच्या बाईसाहेब पाय ठेवत नाहीत. सकाळपासून रोखून धरतात. संध्याकाळी मी रस्त्यावर नेतो तेव्हा मोकळ्या होतात, आणि मला पाहून शेजारी दार लावून घेतात."

हे होतं कधी कधी. त्यावर उपाय आहे, पण तो ग्राहकाला सांगायला आपल्यालाच लाज वाटते. कुत्र्याच्या सवयीच्या जागेची माती आणायची आणि गवताच्या एका कोपऱ्यात चोळायची. काढलेल्या मातीचा ढीग अजून कंपाउंडबाहेर पडला होता. मी त्यातली वास येणारी माती हुडकली, घमेल्यात घेतली आणि कोपऱ्यात बसून हातानं चोळायला लागलो. दुपारचं ऊन पाठीवर. वडिलांच्या दुकानात नव्या गादीवर कुणी चप्पल घालून चढलं तर ते काय काय बोलायचे, ते आठवलं. सर छत्री घेऊन बाहेर आले आणि माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले.

कुत्री आली. कोपरा हुंगला. मग माझा कान हुंगला. मग गोल फिरून, आमच्या दोघांच्या देखत, ती बसली.

खिडकीतून काकूंनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "अभिनंदन. तुमचं गवत पास झालं."

त्यानंतर मी त्या घरी साफसफाईला जायला लागलो. असं गवत नुसतं बसवून भागत नाही. पाणी मारावं लागतं, ब्रशनं लव उलटी घासावी लागते, औषध टाकावं लागतं, नाहीतर आठवडाभरात वास नाकात जातो. बाकीच्या घरांत मी हे काम करतो तेव्हा माणसं काचेचं दार लावून आत बसतात. इथं काकू बाहेर यायच्या. पावसाळा सरता सरता त्यांनी वॉकर धरून अंगणात चालायला सुरुवात केली होती. पायऱ्यांपाशी चप्पल काढायच्या आणि अनवाणी गवतावर उतरायच्या.

"भाऊ, पायाला गुदगुल्या होतात," त्या म्हणायच्या. "खोटं असलं तरी गुदगुल्या खऱ्या आहेत."

कुत्री त्यांच्या शेजारून चालायची. त्या थांबल्या की थांबायची. वॉकर पुढे सरकला की एक पाऊल पुढे टाकायची. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सर दारात पेपर घेऊन बसायचे, पण पान उलटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

एकदा मी ब्रश टेकवून उठताना कण्हलो, ते काकूंनी ऐकलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि त्यांना फिजिओथेरपीच्या बाईनं शिकवलेला व्यायाम माझ्याकडून करून घेतला. पाय सरळ करायचा, टाच ताणायची, धरून ठेवायचं. मोडक्या खुब्याच्या बाई मला "अजून, अजून" म्हणत होत्या आणि माझा पाय थरथरत होता.

"तुमच्या मिसेस काही करायला लावत नाहीत का?"

"ती म्हणते, काम सोडा."

"मग सोडा की."

"आणि करू काय?"

त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. तेही आहेच."

पुढच्या उन्हाळ्यात गवत तापलं. हे गवत ऊन धरतं, दुपारी पाय ठेववत नाही. कुत्री पायरीवर उभी राहून एक पाय टेकवायची आणि उचलायची. मी जाऊन अर्ध्या अंगणावर हिरवं जाळीचं कापड ताणून दिलं. काकू आता हातात नुसती काठी घेऊन चालत होत्या. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मान वर करून चालायची त्यांना सवय होती. समोरच्या इमारतीच्या टाकीवर घारी बसायच्या, त्या पाहत. मी एकदा म्हटलं, "काकू, खाली बघा." त्या म्हणाल्या, "खाली बघण्यासारखं तुम्ही काही ठेवलंय का? सगळं सपाट करून टाकलंत."

मग पुढे थंडीत मी साफसफाईची वेळ विचारायला फोन केला, तेव्हा सर म्हणाले, "सध्या नका येऊ." आवाज नेहमीसारखाच होता. मी विचारलं, "काकूंची तब्येत?" ते म्हणाले, "ती गेली. छातीत कफ धरला होता. दवाखान्यात नेली, परत आणता आली नाही." मग म्हणाले, "पडली वगैरे नाही हां. तुमचं गवत व्यवस्थित आहे."

मी भेटायला गेलो. घरात नातेवाईक होते, मला कुणी ओळखत नव्हतं. सरांसमोर थोडा वेळ बसलो. कुत्री खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीखाली होती. निघताना सरांच्या मुलीनं मला फाटकापर्यंत सोडलं. नंतर बरेच महिने त्या घराशी संबंध आला नाही.

एके दिवशी वाकडला एका गच्चीवर काम चालू असताना सरांचा फोन आला.

"गवतवाले, गवत काढायला या."

"बदलायचंय का, सर? दुसरं दाखवू?"

"काढायला, म्हटलं. बदलायला नाही."

इतक्या वर्षांत चांगलं गवत काढायला मला कुणी बोलावलं नव्हतं. फाटल्यावर, वास मारायला लागल्यावर, घर विकताना बोलावतात. जोडीदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "लावाचं काम आपलं, आन् काढाचंही आपल्यालेच?"

जायच्या आदल्या दिवशी बंगळूरहून सरांच्या मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही जाऊ नका. जमत नाही म्हणून सांगा. ते दुसऱ्या कुणाला बोलावणार नाहीत, मला माहीत आहे." मग ती भरभर म्हणाली, "आई त्या खड्ड्यात पडली होती. आता बाबा एकटे आहेत. ते पडले तर मला कळणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "बेटा, मी बघतो." दुसरं काय बोलणार? ती चुकीचं काही बोलत नव्हती.

त्या रात्री मला वडील आठवत राहिले. शेवटी शेवटी दुकानात गिऱ्हाईक येत नव्हतं, तरी ते रोज सकाळी जाऊन फळ्या उघडायचे, गाद्यांवरची धूळ झटकायचे आणि बसून राहायचे. पायऱ्या उंच होत्या, नजर कमी झाली होती. आम्ही भावांनी मिळून त्यांना समजावलं, पडाल, घरी आराम करा. त्यांनी ऐकलं. पडले नाहीत. पण घरात कुठं बसायचं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी मी सरांकडे गेलो.

ते फाटकाशीच उभे होते. आणखी वाळलेले, दाढी वाढलेली. कुत्री त्यांच्या पायाशी. तिचं तोंड पांढरं झालं होतं. ती आली, मला हुंगलं, आणि परत जाऊन बसली.

"मुलीनं फोन केला असेल," सर म्हणाले.

"हो."

"काय म्हणाली?"

"तुम्ही पडाल म्हणाली."

"मी बघून चालतो. तिची आई आभाळाकडे बघून चालायची, म्हणून पडली." ते गवताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तिच्यासाठी घातलं होतं. तिनं पडू नये म्हणून त्या मुक्या जिवाचं खणणं बंद केलं. ठीक होतं. आता पडायला कोण आहे? आता खणू दे तिला."

"तुम्ही आहात की, सर."

"माझं काय."

हे दोन शब्द ते अगदी साधेपणानं बोलले, आणि त्यांची ती नेहमीची धार त्यात नव्हती. मी कटर काढला आणि गुडघ्यांवर बसलो.

बसवण्यापेक्षा काढणं जड असतं. आत वाळू भरलेली, पाणी पिऊन गवत दुप्पट वजनाचं झालेलं. जोडाचा गोंद सुटत नव्हता. एकेक पट्टी कापून, गुंडाळून, दोघांनी ओढत फाटकाबाहेर टेम्पोपाशी न्यायची. मग काळं कापड, मग खालची घट्ट बसलेली खडी टिकावानं फोडायची. ती पूर्वी आम्हीच जीव खाऊन ठोकली होती. खाली माती फिकट, कोरडी, भाकरीसारखी तडकलेली निघाली. सर वाकून पाहत होते, पण माती मेली का, हे काकूंनी विचारलेलं त्यांनी विचारलं नाही.

दुपारपर्यंत मागची आणि डावीकडची बाजू मोकळी झाली. दारापासून फाटकापर्यंतची भिंतीलगतची पट्टी तेवढी राहिली. तिथं मी कटर मिटला आणि पायरीवर बसलो.

"ती राहिली," सर म्हणाले.

"ती राहू दे."

"का?"

"गुडघे संपले माझे, सर. माझ्यानं नाही होत आता."

जोडीदार माझ्याकडे बघायला लागला. सरही. पट्टी बरोबर माणसाला फिरायला पुरेल एवढी रुंद होती. तिची कड मी दुमडून, खिळे मारून पक्की केलेली होती, आणि थकलेला माणूस जाता जाता कड पक्की करत नाही, हे त्यांना कळत होतं.

"मुलीला फोटो पाठवा," ते म्हणाले. "म्हणावं, बापाला पट्टी मंजूर झाली."

मी तिथूनच फोटो पाठवला. तिचा फोन आला तो सरांना, आणि ते आत जाऊन बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचे कप होते. साखर जास्त झाली होती. त्यांना अंदाज नव्हता. आम्ही तिघं पायरीवर बसून तो चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीनं काळी माती आली. आम्ही ती पसरली, पाणी मारलं. कुत्रीनं कडेनं एक चक्कर मारली, नाक लावलं आणि पट्टीवर येऊन पसरली. खणलं नाही. सरांनी खाली बसून स्वतः हातानं थोडी माती उकरून दाखवली. तिनं शेपटी हलवली, एवढंच. "म्हातारी झाली," सर म्हणाले, आणि मातीचा हात धोतराला नको म्हणून तसाच वर धरून बसून राहिले.

मला वाईट वाटलं. एवढा खटाटोप करून जर ती खणणारच नसेल तर. पण सर उठले तेव्हा वैतागलेले दिसले नाहीत. म्हणाले, "असू दे. दार उघडं ठेवलं, एवढं झालं." मग कुंड्यांतला मोगरा बाहेर काढायचा का, कुठल्या बाजूला लावायचा, ऊन कुठून येतं, हे मला विचारायला लागले. मला झाडांतलं काही कळत नाही. मी जोडीदाराकडे बोट दाखवलं, आणि ते दोघं कुंड्यांपाशी जाऊन उभे राहिले.

काढलेलं गवत टेम्पोत पडून होतं. ते ना भंगारवाला घेतो ना कचऱ्याची गाडी. शेवटी ते कापून मी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला गाडीखाली झोपून काम करताना पाठीखाली घालायला दिलं. उरलेलं अजून आमच्या जिन्याखाली आहे. बायको रोज त्यावरून बोलते.

उद्या बावधनला एक गच्ची आहे. लिफ्ट बंद आहे म्हणे, गुंडाळे जिन्यानं चढवावे लागतील.